सव्वीस किलोची मुलगी

फोन व्यायामशाळेतल्या ताईंचा होता. मुलीचं वजन किती, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी जराही न अडखळता सांगून टाकलं, "सव्वीस."

आकडा माझ्या डोक्यात तयारच होता. मला कोणी माझ्या कमरेचं माप विचारलं की मी लग्नातल्या सुटाचं सांगतो, त्यातलाच हा प्रकार. ताई म्हणाल्या, मग वरची जागा तिचीच ठेवते, सोमवारपासून पाठवा. मी त्यांचे आभार मानले. फोन ठेवला तेव्हा मी अगदी समाधानात होतो, कारण दोन वर्षांत बाहेरून कोणी फोन करून काही चांगलं सांगितलंय असं फारसं घडलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसलेली. तिने विचारलं, सव्वीस कोण? मी म्हटलं, आपली. तिने मान वळवून आतल्या खोलीकडे बघितलं. आत मुलगी पलंगावर पालथी पडून मोबाइल बघत होती. माझा जुना निळा टी-शर्ट घातलेला, आणि तो तिला पाठीवर ताणून बसलेला. बायको परत मेथी निवडायला लागली.

मीही बघितलं. आणि मला वाटतं, त्या दिवशी मी तिला बऱ्याच काळाने बघितलं. तसे आम्ही दोन वर्षं एका वन बीएचकेत चोवीस तास एकमेकांसमोरच होतो. पण समोर असलेला पंखा आपण कुठे रोज बघतो?

वरची जागा म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमची मुलगी दुसरीत असल्यापासून संध्याकाळी मल्लखांबाला जायची. डोंबिवलीजवळ कोपरला, आमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक जुनी व्यायामशाळा आहे. पत्र्याची शेड, पुढे लाल मातीचं मैदान, कडेला मारुतीचं लहानसं देऊळ. दरवर्षी हनुमान जयंतीला संध्याकाळी तिथे मुलामुलींची प्रात्यक्षिकं होतात आणि शेवटी मुलींचा मनोरा असतो. जमिनीत पुरलेल्या खांबाभोवती थोराड मुली खाली उभ्या राहतात, त्यांच्या खांद्यांवर दुसऱ्या, त्यांच्यावर आणखी, आणि सगळ्यांत शेवटी एक चिमुरडी सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून सरसर चढत जाऊन खांबाच्या टोकावर उभी राहते आणि दोन्ही हात पसरते. टाळ्या तिला पडतात. लॉकडाऊनच्या आधीची लागोपाठ दोन वर्षं ती चिमुरडी आमची होती. वर कोण जाणार हे ताई वजनावरून ठरवतात. सगळ्यांत हलकी ती वर.

आमची हलकी होतीच. इतकी की आमच्या घरात ती एक घरगुती बदनामी होती. कोकणातून कोणीही पाहुणे आले की चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारायचे, हिला खायला घालता की नाही? हा प्रश्न विचारायचे सगळ्यांना, पण बघायचे माझ्या बायकोकडे. माझी आई आमच्याकडेच असते. तिने खारकेची पूड झाली, डिंकाचे लाडू झाले, सकाळी उपाशीपोटी साजूक तूप झालं, सगळं करून पाहिलं. काही उपयोग नव्हता. सकाळी पोटात गेलेलं तूप मुलगी संध्याकाळी दोरीवर आणि खांबावर संपवून यायची आणि रात्री पुन्हा तशीच्या तशी, कोपरांची हाडं दाखवत जेवायला बसायची.

ती पाचवीत असताना शाळा बंद झाली. व्यायामशाळाही बंद झाली.

पहिले काही महिने तिने सोडलं नव्हतं. आमच्या हॉलच्या छताला पाळण्याची कडी आहे, तिच्यात तिने आजीचं जुनं लुगडं पिळा घालून बांधलं आणि त्यावर लटकायची. पायाच्या अंगठ्यात लुगडं धरून वर चढायची, छताला हात लावून यायची. मी त्याचं व्हिडिओ शूटिंग करून सगळीकडे पाठवायचो. मग एक दिवस कडीभोवतीचं प्लास्टर सुटून खाली आलं आणि वरच्या मजल्यावरचे काका मास्क लावून दारात उभे राहिले, की बिल्डिंग जुनी आहे हो. लुगडं काढलं. गच्चीला सोसायटीने कुलूप घातलेलं. खाली पार्किंगमध्ये दोन पोरं सायकल फिरवायला लागली की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचंच. त्यानंतर ती सोफ्यावर बसली. सहावी अख्खी सोफ्यावर झाली, सातवीतली बरीचशी पलंगावर.

तिची शाळा मोबाइलवर होती. कॅमेरा बंद, आवाज बंद, पडल्या पडल्या. माझं ऑफिस कपाटाशेजारच्या स्टुलावर होतं. घोडबंदर रोडला जाण्यायेण्यात माझा अर्धा दिवस जायचा, तो आता हातात आलेला. लोकांनी त्या वेळात योग केला, इंग्रजी पुस्तकं वाचली, भाषा शिकले. मी तळायला शिकलो. दुपारचे चार वाजले की लॅपटॉप मिटून मी कढई चढवायचो. कांदाभजी, बटाटेवडे, मूगभजी, मग पाणीपुरीच्या पुऱ्या, मग कुकरमधला केक. बायको म्हणायची, ऑफिसात तुम्ही इतकी वर्षं काय करता ते मला कधी कळलं नाही, पण भजी कळतात. खरं सांगायचं तर चार वाजता घरात जे व्हायचं तेवढंच दिवसभरात व्हायचं. बाकी दिवसाला सुरुवात-शेवट नव्हता. पोरगी पावणेचारला येऊन ओट्यापाशी उभी राहायची, आज काय? मला कोणी कधी इतक्या आतुरतेने वाट बघत उभं राहिलेलं आठवत नाही.

आणि ती भरायला लागली. आधी गाल आले. माझी आई हरखली, अखेर पोरीच्या अंगाला लागलं म्हणाली. शनिवारी मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढायला लागली, कारण इतक्या वर्षांनी आलेलं बाळसं कोणाच्या नजरेने उतरलं तर काय घ्या. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. हृदयं आली, अंगठे आले. टिटवाळ्याच्या मामांनी लिहिलं, आता कशी आपल्या घरातली वाटते. आम्ही सगळेच एकजात गोलमटोल, त्यात ही एकटीच वेगळी काढल्यासारखी दिसायची, ते खरंच होतं. बायकोच्या कपाळावरची इतक्या वर्षांची बदनामी पुसली गेली. त्या काळात चांगली म्हणावी अशी आमच्या घरातली ती एकच बातमी होती.

मग दुसरी लाट आली आणि कल्याणला माझे सासरे गेले. डोंबिवलीहून कल्याण रिक्षाने अर्ध्या तासावर आहे. आम्हाला जाता आलं नाही. हॉस्पिटलमधून परस्पर नेलं. मेहुण्याने मोबाइल धरला होता, त्यात एक पांढरी गाडी आणि तिचं बंद होणारं दार दिसलं, एवढंच. बायको भिंतीला टेकून बघत होती. फोन बंद झाल्यावर ती उठली, हात धुतले आणि विचारलं, जेवायला काय करू? मी म्हटलं, मी करतो. मी डाळ-तांदळाची खिचडी लावली, पापड तळले, आणि आम्ही चौघं जेवलो. पोरीने दोनदा घेतली. मीसुद्धा. कोणी रडलं नाही. त्यानंतर बायको बोलायची, पण बातम्या दिल्यासारखं. दूध आलंय. गॅस संपलाय. आईंची गोळी राहिली. मीही त्याच सुरात उत्तरं द्यायचो. आम्ही भांडत नव्हतो. आमच्यात काही बिनसलं नव्हतं. नुसते आवाज खाली आले होते, टीव्हीचा कोणी येता-जाता कमी करतं तसे.

त्याच दिवसांत कधीतरी पोरीची पाळी सुरू झाली. सकाळची वेळ, मी स्टुलावर मीटिंगमध्ये. बाथरूमच्या दारावर आतून टकटक झाली, बायको गेली, परत येऊन माझ्या डोक्यावरून हात घालून कपाटातून काहीतरी काढून घेऊन गेली. मला कळलं. मी आवाज बंद केलेला तो चालू केला आणि माझ्या टीमचं काम कुठवर आलंय ते सांगितलं. ती साडेअकरा वर्षांचीही नव्हती. माझ्या आईने दुपारी शिरा केला.

फॅमिली डॉक्टरांना बायकोने एकदा फोनवर विचारलेलं, पोरीचं अंग फारच सुटलंय का? डॉक्टर म्हणाले, सगळ्यांच्या घरी हेच चाललंय, शाळा उघडली की उतरेल. आम्ही ते बरंय म्हणून ठेवून दिलं. शाळा उघडली. लिफ्ट बंद असली की पोरगी दुसऱ्या मजल्यावर थांबून मोबाइलमध्ये काहीतरी बघायची. मीही तिथेच थांबायचो, माझ्या गुडघ्यांसाठी. मला ती बापलेकीची एकत्र थांबायची छान जागा वाटायची.

तर, सव्वीस. फोननंतर मला रीतसर ताईंना परत फोन करून खरं काय ते सांगायला हवं होतं. पण खरं काय, ते मला माहीत नव्हतं. घरात काटा नाही. म्हणून मी एक शक्कल काढली. शक्कल हा शब्द मी वापरतो तेव्हा बायको हातातलं काम थांबवते, पण या वेळी मी तिला सांगितलंच नाही.

आमच्याकडे दळण गिरणीत देताना पोरांना काट्यावर उभं करायची जुनी पद्धत आहे. माझी आई मला करायची, मी मुलीला केलं. गव्हाचा डबा उतरवला की तिला वर उभं करायचं, गिरणीवाला आकडा ओरडून सांगणार आणि आजूबाजूच्या बायका हसणार. मी रविवारी सकाळी तिला म्हटलं, चल गं, डबा उचलायला मदत कर. ती चपला घालून आली. गिरणीवाल्याने तिला ओळखलं नाही. मग ओळखलं. भाऊ, पोरगी मोठी झाली, म्हणाला, आणि पिठाळलेल्या हाताने काट्याकडे बोट करून हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. रांगेत दोन बायका होत्या, त्याही हसऱ्या तोंडाने बघायला लागल्या.

पोरीने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातला डबा घेऊन तो काट्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून पलीकडे, मेडिकलच्या सावलीत जाऊन उभी राहिली. गव्हाचं वजन झालं. आम्ही घरी आलो. तिने येताना डब्याची एक बाजू धरली होती.

सोमवारी मी तिच्याबरोबर व्यायामशाळेत गेलो. ती जायला तयार झाली हेच आम्हाला विशेष वाटत होतं. माझ्या आईने तिच्या कपाळाला मारुतीचा शेंदूर लावला. ताईंनी मला काय विचारलं आणि मी काय सांगितलं, हे मी पोरीला सांगितलेलं नव्हतं. नुसतं म्हटलेलं, ताईंनी बोलावलंय, मनोऱ्यात घेणार आहेत. त्यावर तिचा चेहरा एकदम पाचवीतला झाला होता. म्हणून पुढचं मला बोलवेना.

मैदानात एरंडेलाचा तोच वास होता. खांबाला चोपडतात ते. मुली आलेल्या होत्या, पण सगळ्या जणू मोठ्या बहिणींना पाठवून दिल्यासारख्या. कोणी ताडमाड उंच झालेली, दोघीतिघी आमच्या पोरीसारख्याच भरलेल्या, एक इतकी वाळलेली की मी नजर वळवली. तिच्या घरी काय झालं होतं ते मला माहीत होतं. सगळ्या एकमेकींपासून लांब लांब उभ्या होत्या. पोरींचा एरवी कालवा असतो. तो नव्हता.

ताई तिशीच्या आतल्या, स्वतः याच मातीत तयार झालेल्या. त्यांनी आमच्या पोरीकडे बघितलं. दोर तिच्या हातात दिला. पोरीने दोर पायाच्या अंगठ्यात धरला. ते तिला आठवत होतं, पाय बरोबर पडले. दोन्ही हात वर गेले, मूठ बसली. आणि ती उचलली गेली नाही. हात ताठ झाले, मान आत गेली, दोर थोडासा फिरला, तिच्यासकट. ती जमिनीपासून वीतभर वर तशीच लटकत राहिली. मग दोर हातातून सरकला आणि ती खाली उभी होती. तिने तळहात बघितले, पँटला पुसले आणि परत मूठ धरली. पुन्हा तेच. मी कठड्यावर बसून मोबाइल बघत होतो. मोबाइलच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं, काळीच होती.

बाजूला एक नवीन पोरगी, असेल पहिली-दुसरीतली, पुरलेल्या खांबावर खारीसारखी वर गेली आणि टोकावर बसून पाय हलवायला लागली.

ताई माझ्याकडे आल्या. हळू बोलल्या, पण मैदानात आवाज नव्हताच दुसरा.

"काका, तुम्ही फोनवर सव्वीस बोललेलात ना?"

"हो, म्हणजे… तेव्हाचं."

"मी त्या हिशोबाने सगळ्यांच्या जागा ठरवल्या. आता सगळं परत बसवावं लागेल."

पोरगी दोराशी उभी होती. तिने ऐकलं. ती आमच्याजवळ आली, घाम पुसला आणि मला विचारलं, "सव्वीस तू सांगितलंस?"

मी मान डोलावली.

"बाबा, सव्वीस मी पाचवीत होते."

रागावून म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं. तिने मला माहिती दिल्यासारखं सांगितलं. बायको दूध आल्याचं सांगायची, त्याच आवाजात. तो आवाज तिच्याही घशात गेलाय हे मला तेव्हा कळलं. मग ती ताईंना म्हणाली, मी बसून घेते थोडा वेळ, आणि मारुतीच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसली ती सगळ्या मुली घरी जाईपर्यंत.

घरी येताना आम्ही चालत आलो. मी एकदा म्हटलं, जमेल गं हळूहळू. ती म्हणाली, हूं. कोपऱ्यावर आली तेव्हा थांबून म्हणाली, "उद्यापासून तू येऊ नकोस."

मला वाटलं, ती उद्यापासून जाणारच नाही, आणि ते सांगायची ही तिची पद्धत. बायकोलाही तसंच वाटलं. आम्ही दोघांनी न बोलता ते मान्य करून टाकलं, त्या वर्षात सगळंच मान्य करत होतो तसं. माझी आई एकटीच म्हणाली, नको जाऊ दे, पोरीची जात, आता काय झाडावर चढायचंय. मल्लखांब संपला, असं आमच्या घरात संध्याकाळच्या चहाबरोबर ठरलं.

मंगळवारी सहा वाजता पोरीने चपला घातल्या आणि गेली. बुधवारीही गेली. कोणाला काही सांगितलं नाही. आल्यावर आंघोळ करायची आणि अभ्यासाला बसायची. मैदानात काय होतं, दोर हातात घेतला का, वर जाते का, एक अक्षर नाही. मी विचारायला तोंड उघडलं की बायको डोळ्यांनी गप्प करायची. चार वाजताची कढई मी त्याच दिवसांत बंद केली, म्हणजे फार काही विचार करून नव्हे. पोरगी ओट्यापाशी यायची थांबली आणि एकट्यासाठी भजी तळायला मला कंटाळा आला.

पंधरवडाभराने मला राहवेना. व्यायामशाळेच्या समोर वडापावची गाडी आहे, तिथून मैदान तिरपं दिसतं. मी ऑफिसचं काम लवकर उरकलं आणि गाडीच्या आड जाऊन उभा राहिलो. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून एक वडापाव घेतला. मुलीने अंग कमी करावं म्हणून लपून बघणारा बाप हातात वडापाव घेऊन उभा आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा निम्मा संपला होता.

ती पळत होती. मैदानाच्या कडेकडेने, एकटी, हळू, चेहरा लाल झालेला, टी-शर्ट माझाच. बाकीच्या मुली खांबापाशी. एक फेरी, मग चालत अर्धी, मग परत पळत. तिच्या पळण्यात काहीच बघण्यासारखं नव्हतं. मी तरीही बघत राहिलो. मग ताईंनी हाक मारली आणि ती खांबाशी जाऊन उभी राहिली, खाली, सगळ्यांत खाली, खांबाला मिठी मारून. एक मुलगी तिच्या मांडीवर पाय देऊन खांद्यावर चढली. पोरीचे गुडघे थोडे वाकले. परत सरळ झाले. मी उरलेला वडापाव गाडीवाल्याच्या डब्यात टाकून घरी आलो. बायकोला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का नव्हतं, ते मला ठरवता आलं नाही.

हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी पोरीने जाहीर केलं की आई आणि आजी आल्या तर चालेल. माझं नाव घेतलं नाही. माझ्या आईने विचारलं, आणि बाबा? ती म्हणाली, त्याला यायचं तर येऊ दे, मागे बस म्हणावं. मी मागे बसलो. अगदी मागे, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या शेवटच्या ओळीत, पंख्याच्या वाऱ्याच्याही पलीकडे.

लोक बरेच आले होते. दोन वर्षांनी पहिलीच वेळ. मास्क हनुवटीवर घेऊन जो तो दुसऱ्याला निरखत होता, कोण आहे, कोण नाही. पहिल्या ओळीत आधी दरवर्षी एक आजोबा बसायचे, त्यांची खुर्ची कोणी मुद्दाम रिकामी ठेवलेली नव्हती. तिथे दुसरंच कोणीतरी बसलं होतं. नारळ फुटला, आरती झाली, मुलांची प्रात्यक्षिकं झाली, एकदोन पोरं घसरली, लोकांनी त्यांनाही टाळ्या दिल्या.

मग मुलींचा मनोरा. मला तेव्हा एक गोष्ट कळली जी पोरगी वर असायची तेव्हा कधी लक्षात आली नव्हती. खाली उभ्या असणाऱ्या मुलींचं तोंड खांबाकडे असतं. बघणाऱ्यांना त्यांची फक्त पाठ दिसते. चेहरा वरचीचाच दिसतो. आमचीची पाठ मी ओळखली, रुंद झालेली, घामाने भिजलेली. तिच्या खांद्यावर एक मुलगी गेली, तिच्यावर दुसरी. ताई शिट्टी वाजवत होत्या. शेवटी ती पहिली-दुसरीतली नवीन पोरगी सगळ्यांवरून चढत वर निघाली. जाताना तिचा पाय आमचीच्या डोक्यावर पडला. पाठ हलली नाही. वर जाऊन त्या चिमुरडीने हात पसरले. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल वर. माझी आई उठून उभी राहिली आणि विचारायला लागली, आपली कुठाय, आपली कुठाय? बायकोने तिला हात धरून खाली बसवलं आणि बोटाने दाखवलं.

मी फोटो काढला. त्यात सगळ्या आहेत.

मला त्या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. गळा दाटून यावा, निदान डोळे तरी. मी थोडी वाट बघितली. काही आलं नाही. टाळ्या थांबल्यावर मी टाळ्या वाजवतोय असं लक्षात आलं आणि हात मांड्यांखाली घेतले. मनोरा उतरला, वरून खाली, एकेक. सगळ्यांत शेवटी आमचीने खांब सोडला. तिने खांदे गोल फिरवले, मैत्रिणीला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. ती मागे वळून खुर्च्यांत कोणाला तरी शोधत होती असं वाटलं. मला शोधत होती असं म्हणायला मला आवडेल. पण आईला शोधत असेल.

दोरावर ती आजही अर्ध्यापर्यंतच जाते. तिचं वजन किती आहे ते मला माहीत नाही. कोणी फोनवर विचारलं तर मी आता तिलाच हाक मारतो.

मनोऱ्याच्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं पुढे आलो, ती मुलींबरोबर प्रसाद वाटून मागून आली. पायांना लाल माती तशीच. दारातूनच स्वयंपाकघरात आईला काहीतरी म्हणाली आणि पाय धुवायला गेली. मी हॉलमध्ये फोटो मोठा करून तिची पाठ शोधत बसलेलो. आत ताट वाढल्याचा आवाज आला. ती जेवली, मुकाट्याने, पटापट, उठली, ताट घासून ठेवलं आणि जाऊन आडवी झाली. लगेच झोपली.

बायको हात पुसत बाहेर आली आणि माझ्या शेजारी सोफ्यावर बसली. तिच्या वडिलांच्या फोटोवरचा हार सुकला होता, तो तिने उठून काढला, परत येऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आल्या आल्या भूक लागली म्हणाली, ऐकलंत? दोन वर्षं ह्या घरात नुसतं खाणं चाललेलं. भूक कोणालाच लागली नव्हती हो."